दोन चेंडूंमधला माणूस

३ ऑक्टोबर १९५१ ची दुपार. न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर जायंट्स आणि ब्रुकलिन डॉजर्स ह्या एकाच शहरातल्या दोन हाडवैऱ्यांचा निर्णायक सामना शेवटच्या इनिंगमध्ये आलेला. जायंट्स ४-२ ने मागे, पण त्यांचे दोन खेळाडू बेसवर. राल्फ ब्रँकाने टाकलेला चेंडू बॉबी थॉमसनने डावीकडच्या स्टँडमध्ये भिरकावला आणि नॅशनल लीगचं अजिंक्यपद एका फटक्यात इकडचं तिकडे झालं. त्या फटक्यावर आजवर भरपूर लिहून झालं आहे. मला त्याहून जास्त कुतूहल आहे ते त्या वेळी मायक्रोफोनसमोर बसलेल्या तीन माणसांचं.

जायंट्सच्या रेडिओवर रस हॉजेस होते. त्यांनी आपण अजिंक्यपद जिंकल्याचं एकच वाक्य लागोपाठ चार वेळा, गळ्याच्या शिरा ताणून म्हटलं. डॉजर्सच्या रेडिओवर रेड बार्बर होते. त्यांनी चेंडू कुठे गेला, काय झालं, कोण जिंकलं एवढं एका दमात सांगितलं आणि मग गप्प बसून प्रेक्षकांचा आवाज ऐकू दिला. हॉजेसचं ओरडणं व्यवसायाला शोभणारं नव्हतं, असं त्यांचं मत पुढेही कायम राहिलं. टेलिव्हिजनवर अर्नी हारवेल होते. चेंडू बॅटवरून सुटताच ते ‘गेला!’ म्हणाले आणि डावीकडचा क्षेत्ररक्षक मागे मागे सरकताना पाहून आपण घाई तर केली नाही ना, ह्या धास्तीने मनातल्या मनात गारठले. पुढचं काम चित्रांनी केलं.

ह्या तिघांत अमर झाले ते हॉजेस, आणि तेही एका माउलीच्या कृपेने. ब्रुकलिनमधल्या एका जायंट्सवेड्या माणसाला कामावर जायचं होतं. त्याने आईला शेवटी शेवटी टेपरेकॉर्डर चालू करायला सांगून ठेवलं, आणि ती टेप पुढे हॉजेसपर्यंत पोचली. हारवेलच्या शब्दांचं ध्वनिमुद्रण उरलंच नाही. आपल्या वाट्याला मोठं काम आलं म्हणून सकाळी खूश असलेल्या हारवेलना नंतर आयुष्यभर ही गोष्ट हसत हसत सांगावी लागली.

म्हणून ‘सर्वांत थोर बेसबॉल समालोचक कोण’ ह्या वादात गाजलेल्या उद्गारांच्या याद्या पुढे आल्या की मला जरा संशय येतो. ह्या याद्यांत कोण जातं हे पुष्कळदा टेपरेकॉर्डर ठरवतो. शिवाय असे क्षण एका माणसाच्या कारकिर्दीत किती? चार, फार तर सहा. बाकीचे हजारो तास त्याने काय केलं?

कारण बेसबॉल हा मुख्यतः काहीही न घडण्याचा खेळ आहे. वॉल स्ट्रीट जर्नलने २०१३ साली घड्याळ लावून मोजलं, तेव्हा तीन तासांच्या सामन्यात प्रत्यक्ष हालचाल सुमारे १८ मिनिटांची भरली. उरलेला वेळ पिचर पायाने माती उकरतो, कॅचर बोटांनी खुणा करतो, बॅटर हातमोजे घट्ट करतो. आणि हे एका हंगामात १६२ वेळा, एप्रिलपासून सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत जवळजवळ रोज. कसोटी क्रिकेट ट्रान्झिस्टर कानाला लावून ऐकलेल्या, बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन आठवणाऱ्या वाचकाला हा रिकामा वेळ ओळखीचा वाटेल. फरक एवढाच की आपल्याकडे कसोटी पाच दिवसांत आटपते. तिथे समालोचक अख्खा उन्हाळा घरात मुक्कामाला येतो. स्वयंपाकघरात, गॅरेजमध्ये, अंगणातल्या खुर्चीपाशी, पोरांच्या उशाखाली. अशा पाहुण्याची पारख त्याने एकदा फोडलेल्या आरोळीवरून करायची, की रोजच्या त्याच्या सोबतीवरून?

सुरुवातीला तर ही सोबत असेल असं कुणाच्या डोक्यातही नव्हतं. ५ ऑगस्ट १९२१ रोजी पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्रावरून हॅरल्ड आर्लिन ह्यांनी मेजर लीगच्या सामन्याचं पहिलं वर्णन केलं. पायरेट्सनी फिलीजना ८-५ असं हरवलं. आर्लिन वेस्टिंगहाउस कंपनीतले तंत्रज्ञ. होम प्लेटच्या मागे तिकीट काढलेल्या प्रेक्षकासारखे बसून, टेलिफोनपासून केलेल्या मायक्रोफोनमध्ये ते बोलले. दोनच वर्षांनी वर्ल्ड सिरीजच्या वर्णनाला ग्रॅहम मॅकनेमी बसले. ते शिकलेले गायक. बेसबॉलचं ज्ञान बेताचं, पण आवाजात नाट्य ठासून भरलेलं. मैदानावर एक सामना चालू असतो आणि मॅकनेमींच्या तोंडून भलताच, अशी टिंगल विनोदी लेखक रिंग लार्डनर ह्यांच्या नावावर आहे. अचूक की रंगतदार, हा ह्या व्यवसायातला जुना झगडा तेव्हापासूनचा.

क्लबांच्या मालकांना तर रेडिओ म्हणजे घरात शिरलेला चोर वाटे. फुकट ऐकायला मिळालं तर तिकीट कोण काढणार? शिकागो कब्जचे मालक विल्यम रिगली ह्यांनी उलटा विचार केला आणि १९२५ पासून हव्या त्या केंद्राला दारं उघडून दिली. १९२७ साली दहा लाखांहून अधिक प्रेक्षक मैदानावर आणणारा नॅशनल लीगचा पहिला क्लब कब्जच ठरला. न्यूयॉर्कचे तिन्ही क्लब मात्र १९३९ पर्यंत रेडिओला दूर ठेवण्याचा करार करून बसले होते.

ह्याच काळात एक गमतीची कला वाढली. परगावच्या सामन्याला समालोचक पाठवायला पैसे नसत. मग स्टुडिओत तारेवरून ‘बॉल’, ‘स्ट्राइक’, ‘फाउल’ अशा त्रोटक खुणा येत आणि माणूस त्यांतून सामना उभा करी. पेन्सिल लाकडावर आपटली की बॅटचा टणत्कार. आयोवातल्या डब्ल्यूएचओ केंद्रावर रोनल्ड रेगन नावाचा तरुण कब्जचे सामने असेच रंगवायचा. एकदा तार मध्येच बंद पडली. सामना थांबल्याचं कबूल करावं तर श्रोते दुसऱ्या केंद्राकडे जाणार. मग त्याने बॅटरला फाउलमागून फाउल मारायला लावले, कितीतरी मिनिटं, तार पुन्हा बोलू लागेपर्यंत. पुढे राष्ट्राध्यक्ष झाल्यावरही हा किस्सा सांगताना ते खुलत. दोन स्ट्राइक झाल्यावर फाउल मारला की बेसबॉलमध्ये सगळं जिथल्या तिथे राहतं, हे त्यांनी अचूक हेरलं होतं.

ह्या सगळ्या हौशी, नाटकी, जुगाडू मंडळींतून व्यवसायाला शिस्त लावली ती रेड बार्बर ह्यांनी. मिसिसिपीत जन्मलेले, फ्लोरिडात वाढलेले. बोलण्यात दक्षिणेचा हेल आणि शेतावरच्या म्हणी. मैदानावरच्या भांडणाला ते एका भाजीचं नाव देत, चांगल्या स्थितीतल्या खेळाडूला उंच फांदीवर बसलेल्या पक्ष्याची उपमा देत, आणि ब्रुकलिनची इटालियन, ज्यू, आयरिश पोरं ती दक्षिणी बोली तोंडपाठ करत. समोर तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ ठेवलेलं, अंडी उकडताना वापरतात तसं. वाळू संपली की स्कोअर सांगायचा आणि घड्याळ उलटं करायचं. ही युक्ती दिसायला क्षुल्लक, पण तिच्यामागे श्रोत्याबद्दलचा मोठा विचार आहे: कुणीतरी आत्ताच रेडिओ लावला असेल, त्याला ताटकळत ठेवू नये.

बार्बर माझ्या मते ह्या कथेतलं सर्वांत गुंतागुंतीचं पात्र. १९४५ साली डॉजर्सचे ब्रँच रिकी ह्यांनी त्यांना विश्वासात घेऊन सांगितलं की आपण एक काळा खेळाडू आणणार आहोत. दक्षिणेतल्या संस्कारांत वाढलेले बार्बर घरी जाऊन बायकोला म्हणाले, मी नोकरी सोडतो. ती म्हणाली, आज रात्रीच सोडायला हवी असं नाही. ते विचार करत राहिले आणि शेवटी आपलं काम मैदानावर जे दिसतं ते सांगणं आहे, ह्यावर येऊन थांबले. १९४७ मध्ये तो खेळाडू, जॅकी रॉबिन्सन, आला तेव्हा बार्बरनी त्याचं वर्णन इतर कोणत्याही खेळाडूसारखंच केलं. त्या काळात, त्या आवाजात, ही साधी गोष्ट नव्हती.

आणि जे दिसतं ते सांगण्याच्या ह्याच हट्टापायी त्यांची यांकीजकडची शेवटची नोकरी गेली. २२ सप्टेंबर १९६६ ला, यांकीजचा संघ गाळात गेलेला असताना, त्या अवाढव्य स्टेडियममध्ये जेमतेम ४१३ माणसं आली. बार्बरनी कॅमेरा रिकाम्या खुर्च्यांवर फिरवायला सांगितला. कॅमेरा फिरला नाही. आजची बातमी ही गर्दीच आहे, असं त्यांनी श्रोत्यांना मग शब्दांतच सांगितलं. काही दिवसांत त्यांना निरोप मिळाला. यांकीजचे दुसरे महान निवेदक मेल ॲलन, ज्यांच्या मिठ्ठास आवाजाने १९४० आणि ५० ची दशकं गाजवली, त्यांनाही दोनच वर्षं आधी असंच काढलं होतं. कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेमने समालोचकांसाठी फोर्ड फ्रिक पुरस्कार सुरू केला तेव्हा, १९७८ साली, पहिला मान ह्या दोघांना मिळून दिला.

बार्बरनी स्वतःनंतर जे मागे ठेवलं त्यात विन स्कली मोठे. १९४९ च्या नोव्हेंबरात त्यांनी फोर्डम विद्यापीठातून नुकत्याच बाहेर पडलेल्या ह्या लालकेशी मुलाला बोस्टनच्या फेनवे पार्कवर फुटबॉलच्या एका सामन्याला पाठवलं. बसायला खोली असेल ह्या समजुतीने मुलाने ओव्हरकोट हॉटेलवरच ठेवला होता. बसवलं ते छतावर. थंडीने कुडकुडत त्याने सामना पुरा केला आणि प्रसारणात तक्रारीचा शब्द काढला नाही. बार्बरना ही हकिकत नंतर दुसऱ्यांकडून कळली. १९५० पासून स्कली डॉजर्सच्या मायक्रोफोनवर बसले ते २ ऑक्टोबर २०१६ पर्यंत. ६७ हंगाम. दुसऱ्या निवेदकांना ऐकू नकोस, ह्या खोलीत तुझ्याशिवाय कुणी आणू शकणार नाही अशी एकच वस्तू आहे, ती म्हणजे तू स्वतः, ही बार्बरची शिकवण ते शेवटपर्यंत सांगत.

१९५८ मध्ये डॉजर्स ब्रुकलिन सोडून लॉस एंजेलिसला गेले. पहिली चार वर्षं खेळले ते कोलिझियमवर. मुळात ते फुटबॉल आणि ॲथलेटिक्सचं मैदान. वरच्या रांगेतल्या माणसाला खेळाडू मुंगीएवढा दिसायचा. त्यातून संघ नवा, चेहरे अनोळखी. लोक ट्रान्झिस्टर घेऊन मैदानावर येऊ लागले. समोरचा सामना कळण्यासाठी त्यांना स्कली लागत. हजारो छोट्या पेट्यांतून आपलाच आवाज परत येतोय हे स्कलींना खोलीत ऐकू येई. १९६० साली एकदा त्यांनी ह्याचा खट्याळ उपयोग केला. अंपायर फ्रँक सेकोरी ह्यांचा वाढदिवस होता. स्कलींनी रेडिओवर एक-दोन-तीन म्हटलं आणि अख्ख्या स्टेडियमने अंपायरला शुभेच्छा ठोकल्या. बिचाऱ्या सेकोरींना हे आकाशातून काय कोसळलं ते कळेना.

स्कली एकटे बोलत. शेजारी गप्पा मारायला माजी खेळाडू नाही, त्यामुळे बोलणं थेट ऐकणाऱ्याशी. आपल्याकडे बॉबी तल्यारखान मुंबईच्या सामन्यांचं वर्णन असंच एकट्याने, दुसऱ्याला मायक्रोफोन न देता करायचे. तल्यारखानांचा एकटेपणा बादशाही होता असं म्हणतात. स्कलींचा शेजारी येऊन बसलेल्या माणसाचा. पिचर माती उकरत असताना ते एखाद्या खेळाडूच्या आजोबांची गोष्ट सुरू करत, मध्येच ‘खालचा चेंडू, बॉल दोन’ म्हणत, आणि गोष्ट तिथूनच पुढे नेत. गोष्टीचा शेवट आणि इनिंगचा शेवट बहुतेक वेळा बरोबर जुळायचा. हे कसं जमायचं ते मला आजही पुरतं उमगलेलं नाही. कीर्तनकाराच्या हातून सुटलेलं मूळ अभंगाचं बोट आख्यान संपताना पुन्हा नेमकं धरलं जातं, त्या जातीचं ते कसब असावं.

९ सप्टेंबर १९६५ च्या रात्री सँडी कोफॅक्स कब्जविरुद्ध परफेक्ट गेमच्या उंबरठ्यावर होता. म्हणजे २७ च्या २७ बॅटर बाद, एकालाही बेसवर पाय ठेवू द्यायचा नाही. शेवटच्या इनिंगचं ध्वनिमुद्रण कोफॅक्सला भेट द्यायचं ठरलेलं, म्हणून स्कली मधूनमधून तारीख आणि घड्याळातली वेळ सांगत राहिले. हेतू साधा व्यवहाराचा. परिणाम असा झाला की ऐकणाऱ्याच्या छातीत काटा सरकू लागला. रात्रीचे ९ वाजून ४६ मिनिटं, हा तपशील आज हजारो लोकांना पाठ आहे. हे न लिहिलेलं, तोंडून उमटलेलं बोलणं पुढे उत्तम गद्य म्हणून छापलंही गेलं.

आणि मग त्यांचं मौन. ८ एप्रिल १९७४ ला अटलांटात हँक एरनने ७१५ वा होमरन मारून बेब रूथचा विक्रम मोडला. त्या आधीचे कित्येक महिने एरनला ठार मारण्याच्या धमक्यांची पत्रं येत होती. फटका बसला आणि स्कली बराच वेळ एक अक्षर बोलले नाहीत. लोकांचा गजर, आतषबाजी, बस. बोलले तेव्हा आकड्याचा उल्लेख मागे ठेवला आणि म्हणाले की खोल दक्षिणेत एका काळ्या माणसाला लोक उभं राहून मानवंदना देत आहेत. १९८८ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये दोन्ही पाय जायबंदी असलेल्या कर्क गिब्सनने लंगडत येऊन सामना जिंकून देणारा फटका मारला, तेव्हाही ते मिनिटाहून अधिक वेळ गप्प होते. त्याच फटक्यावर रेडिओवरचे जॅक बक आत्ता पाहिलं त्यावर आपला विश्वास बसत नाही असं ओरडले, आणि तेही योग्यच होतं. रेडिओवर मिनिटभर गप्प बसलात तर लोक यंत्राला थापटा मारतात. स्कलींच्या मौनाचं मूळ ते स्वतः लहानपणात सांगत. घरातल्या चार पायांच्या भल्यामोठ्या रेडिओखाली आडवं पडून ते सामने ऐकत, आणि गर्दीचा आवाज वरून अंगावर पाण्यासारखा ओतला जाई. मोठेपणी त्यांनी तो इतरांवर ओतला.

स्कलींच्या स्तुतीत एक नाव झाकलं जातं. इक्वेडोरहून आलेल्या हाइमे हारीन ह्यांनी तिथे असताना बेसबॉल जवळजवळ पाहिलाच नव्हता. लॉस एंजेलिसच्या स्पॅनिश केंद्राला डॉजर्सचं काम मिळालं तेव्हा त्यांनी शिकायला एक वर्ष मागून घेतलं, आणि १९५९ पासून २०२२ पर्यंत बोलत राहिले. सुरुवातीच्या वर्षांत परगावच्या सामन्यांना स्पॅनिश निवेदक पाठवत नसत. हारीन स्टुडिओत बसून स्कलींचं इंग्रजी ऐकत आणि लगोलग स्पॅनिशमध्ये सामना उभा करत. १९८१ मध्ये मेक्सिकोचा फर्नांडो व्हॅलेन्झुएला तळपला, तेव्हा पत्रकार परिषदांत त्याचे शब्द इंग्रजीत आणणारेही तेच. एका शहराचा केवढा तरी हिस्सा त्यांच्यामुळे ह्या खेळाचा झाला. माझ्या यादीत ते फार वर आहेत.

सगळेच असे संयमी नव्हते, आणि असते तर खेळ कंटाळवाणा झाला असता. डिझी डीन हे आधी नामांकित पिचर; मायक्रोफोनवर आले तेव्हा व्याकरण मैदानाबाहेर ठेवून आले. ‘घसरला’ ह्या क्रियापदाचं त्यांनी स्वतःचंच एक भूतकाळी रूप पाडलं. १९४६ साली मिझुरीतल्या शिक्षकांनी तक्रार केली की पोरांची भाषा बिघडते. ऱ्हस्व-दीर्घावरून भांडणं केलेल्या मराठी माणसाला हे ऐकून फार परकं वाटू नये. यांकीजचे फिल रिझुटो मिठाई आणि वाढदिवसांवर बोलता बोलता खेळ चुकवायचे आणि आपल्या स्कोअरकार्डावर प्रामाणिकपणे ‘पाहत नव्हतो’ अशी खूण लिहायचे. मिलवॉकीचे बॉब युकर खेळाडू म्हणून सरासरी .२००, सहा वर्षांत होमरन १४. त्यांतला एक कोफॅक्सला मारलेला; त्यापायी बिचारा हॉल ऑफ फेमला मुकतो की काय अशी काळजी वाटली, असं ते म्हणत. त्यांना आधी नव्या खेळाडूंची पारख करायला पाठवलं होतं. क्लबचे मालक बड सेलिग सांगत की अहवाल आला तो बटाट्याच्या लगद्याने माखलेला. मग १९७१ मध्ये मायक्रोफोन दिला आणि युकर २०२४ पर्यंत, नव्वदीपर्यंत, त्यावर टिकले. जानेवारी २०२५ मध्ये ते गेले. स्वतःच्या अपयशावर अर्धं शतक लोकांना हसवणं ही सोपी कमाई नव्हे.

ह्या पंगतीतला सर्वांत मोठा आवाज हॅरी केरींचा. सेंट लुइस, ओकलंड, शिकागोचे व्हाइट सॉक्स आणि अखेर कब्ज. जाड भिंगांचा चष्मा, हातात बिअर, फाउल चेंडू पकडायला खिडकीबाहेर काढलेलं जाळं. नावं चुकत, स्वतःच्याच संघाच्या खेळाडूला सरळ शिव्या घालत. सातव्या इनिंगला बेसबॉलचं ते जुनं १९०८ चं गाणं ते खोलीत आपल्याशीच गुणगुणायचे. १९७६ मध्ये व्हाइट सॉक्सचे मालक बिल व्हेक ह्यांनी गुपचूप स्टेडियमचा ध्वनिक्षेपक चालू केला. मीच का, असं केरींनी विचारल्यावर व्हेक म्हणाले की तुमचं ऐकून प्रत्येकाला वाटतं, आपण ह्याच्यापेक्षा बरं गातो. हा सगळा तमाशा आहे असं म्हणणारे आहेत, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्यही आहे. सामना नीट कळावा म्हणून मी केरींना निवडणार नाही.

यादी लांबवली तरी एक गोष्ट खुपत राहते. ती जवळजवळ पूर्णपणे गोऱ्या पुरुषांची आहे. मेजर लीगच्या क्लबचा पहिला काळा नियमित निवेदक, बिल व्हाइट, १९७१ मध्ये आला, रॉबिन्सननंतर २४ वर्षांनी. मेरी शेन ह्यांना व्हाइट सॉक्सनी १९७७ मध्ये घेतलं, पण एखाद्या क्लबची मुख्य निवेदक म्हणून स्त्री दिसायला, जेनी कॅव्हनर ह्यांच्या रूपाने, २०२४ उजाडलं. ‘लहानपणी ऐकला तोच आवाज थोर’ असं ज्या धंद्यात चालतं, तिथे दार उघडायला पिढ्या लागतात.

आता तर तो रिकामा वेळही आटला आहे. २०२३ पासून पिचरमागे घड्याळ लागलं: बेस रिकामे असतील तर १५ सेकंद, खेळाडू बेसवर असेल तर २० (२०२४ पासून १८). सरासरी सामना २ तास ४० मिनिटांवर आला. प्रेक्षक खूश आहेत, आणि खरं सांगायचं तर मीही. पण आजोबांची गोष्ट आता सांगायची कुठे?

हारवेल ह्यांची गोष्ट अजून पुरी झालेली नाही. १९४८ साली बार्बर आजारी पडले तेव्हा ब्रुकलिनला तातडीने निवेदक हवा होता. हारवेल अटलांटाच्या क्लबकडे होते. त्या क्लबने त्यांच्या बदल्यात क्लिफ डॅपर नावाचा कॅचर मागून घेतला. खेळाडूच्या मोबदल्यात दिला-घेतलेला हा एकमेव समालोचक. पुढे ते जायंट्सकडे गेले आणि त्यांच्या रिकाम्या खुर्चीत स्कली आले. हारवेल १९६० पासून डेट्रॉइटचे झाले. दर वसंतात पहिल्या सामन्याआधी ते बायबलमधला वसंताच्या आगमनाचा उतारा वाचत. चेंडू सोडून नुसता बघत बाद झालेला बॅटर त्यांच्या तोंडी रस्त्याकडेच्या घरासारखा उभा राही. आवाज मऊ, जॉर्जियाचा. घाई म्हणून नाही. १९९१ नंतर त्यांना काढलं तेव्हा मिशिगनभर संताप उसळला, आणि १९९३ मध्ये त्यांना परत आणावं लागलं.

त्यांची एक लकब होती. फाउल चेंडू प्रेक्षकांत पडला की ते म्हणत, हा पकडला इप्सिलँटीच्या एका गृहस्थाने. पुढचा सॅगिनॉच्या बाईने. ह्यांना प्रत्येकाचं गाव कसं ठाऊक, हा प्रश्न पोरांना वर्षानुवर्षं पडलेला असे. हारवेल ती गावं मनानेच ठोकून देत. मे २०१० मध्ये ते वारले. डेट्रॉइटच्या कोमेरिका पार्कमध्ये, त्यांच्याच पुतळ्यापाशी, त्यांना अंत्यदर्शनासाठी ठेवलं होतं, आणि दहा हजारांहून जास्त माणसं येऊन गेली. त्या रांगेत इप्सिलँटीचे आणि सॅगिनॉचे लोक असणारच. ह्या खेपेला अर्नीला ते मनाने आणावे लागले नाहीत.